‘कूल्हे की हड्डी’ म्हणजे नक्की कोणतं हाड?

ताई, तुमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, डॉक्टरांनी ‘कूल्हे की हड्डी’ मोडली म्हणून अर्धा सांधा बदलायला सांगितलं. शेजारच्या काकांची तीच हड्डी मोडली तेव्हा मात्र नुसता रॉड घातला, त्यांचं हाड त्यांच्यापाशीच राहिलं. मग आपल्याला फसवताहेत का, असं तुम्ही विचारलंय. इंदुरात इतकी वर्षं फिजिओथेरपी करताना किती तरी मराठी घरांत मी हे ऐकलं आहे, आणि त्यात निम्मा घोळ शब्दाचा असतो.

हिंदीतला कूल्हा म्हणजे आपला खुबा. आपल्या कानाला तो ‘कुल्ला’ ऐकू येतो, आणि घरचे समजतात की बसायचं हाड किंवा माकडहाड गेलं. तसं नाही. आपण ज्यावर बसतो ते हाड, कमरेवर हात ठेवल्यावर पंजा टेकतो ते आणि जांघेच्या पुढचं, ही तिन्ही लहानपणी वेगळी असतात, वयात येताना जुळून एक होतात. तिन्ही मिळतात तिथे एक खोल वाटी असते. त्या वाटीत फिरणारा गोळा मात्र मांडीच्या हाडाचा. सासूबाईंचं मोडलंय ते हे मांडीचं हाड, अगदी वरच्या टोकाला.

शरीरातलं हे सर्वांत लांब हाड, उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा. पण ते सरळ दांड्यासारखं नाही. वर गोळा, गोळ्याखाली तिरकी मान, मग बाहेरच्या बाजूचा मोठा उंचवटा आणि तिथून खाली दांडा. कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो तो हाच उंचवटा, हात लावून बघा. मान जेमतेम पाच सेंटिमीटरची, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

गोळ्याला रक्त खालून येतं. बारीक रक्तवाहिन्या मानेला चिकटून वर चढतात. जलूदहून नर्मदेचं पाणी इंदूरला चढवतात ना, तसंच. मधेच लाइन फुटली की शहर कोरडं. मान मोडून हाड सरकलं की या वाहिन्या तुटतात आणि गोळा हळूहळू मरू शकतो. शिवाय मान सांध्याच्या पिशवीत असते, तिच्यावर नवं हाड घालणारं आवरण नीटसं नसतं. म्हणून या वयात स्क्रू लावून महिनोन् महिने वाट बघण्यापेक्षा गोळा बदलणं शहाणपणाचं ठरतं. नुसता गोळा बदलायचा, वाटी तीच ठेवायची, म्हणून ‘अर्धा सांधा’.

काकांचं हाड बहुधा मानेच्या खाली, उंचवट्यापाशी मोडलं असेल. तिथलं हाड स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं, भोवती जाड स्नायू. रॉडने नीट धरून ठेवलं की ते जुळतं. दोघांचाही पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला असेल, म्हणून बाहेरून दुखणं एकच वाटतं.

मी एक्स-रे पाहिलेला नाही, तेव्हा डॉक्टरांना एवढंच विचारा: मोड मानेत आहे की मानेखाली, आणि हाड सरकलंय का? सरकलं नसेल तर मान मोडूनही स्क्रूवर भागू शकतं. तरुण माणसात तर गोळा वाचवायचा आधी प्रयत्न करतातच. उत्तर ‘मानेत, आणि सरकलंय’ असं असेल, तर अर्धा सांधा बदलायचा सल्ला योग्य आहे, त्यात फसवणूक नाही.

मात्र दुसऱ्या, तिसऱ्या मतासाठी आठवडा घालवू नका. तब्येत साथ देत असेल तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हायला हवी. पडून राहिलं की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायात गुठळ्या धरतात. म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या हाडापेक्षा याचीच भीती जास्त. नंतर हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी आणि औषध याबद्दलही आठवणीने विचारा, कारण घरातल्या घरात पडून खुबा मोडला म्हणजे बाकीची हाडंही बहुधा ठिसूळ झालेली असतात.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर धरून उभं करतील. त्या कळवळतील. तेव्हा ‘आज राहू द्या’ म्हणू नका, शेजारी उभ्या राहा.