ताडपत्रीला सोंग घ्यायला लावू नकोस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू गेलीस आणि तुझी ती ट्रकच्या ताडपत्रीची निळी बॅग माझ्या टेबलावरच राहिली. रात्री शटर ओढण्याआधी ती उचलली, वेलवेटचं अस्तर बोटानं बाजूला केलं आणि झाकणाची आतली बाजू पाहिली. तिथं पिवळ्या ऑइलपेंटचं अर्धं अक्षर आहे, ट्रकवाल्यानं पेंटरकडून काढून घेतलेलं. त्याच्या शेजारी तळहाताएवढं ठिगळ. ते मशीनवरचं नाही. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून कुणीतरी दाभणानं आणि सुतळीनं अकरा टाके घातलेत. दोन्ही टोकांना दुहेरी गाठ आहे. पाऊस अंगावर आलेला असावा, शेवटचे चार टाके घाईनं लांबलांब पडलेत.

त्या अख्ख्या बॅगेत डोळा ठरावा असं तेवढंच होतं, आणि तू ते आत दडवलंस.

तुझी अडचण मला समजली नाही असं नाही. प्रदर्शनात एका बाईंनी बॅग हातात घेतली, "ट्रकची ताडपत्री ना ही?" म्हणाल्या आणि परत ठेवून दिली. तेव्हापासून तू रंग शोधतेस, चामड्याचा छाप शोधतेस, सोनेरी साखळी लावून बघतेस. मला विचारलंस, "काका, लोकांना कळणार नाही असं काय करता येईल?" मी तेव्हा गप्प राहिलो, कारण राग आला होता. राग तुझा नव्हता. हाच प्रश्न मी एकदा स्वतःला विचारला होता आणि त्याचं चुकीचं उत्तर दिलं होतं, त्याचा होता.

माझे वडील नाना पेठेत रिक्षांचे हूड शिवायचे. रेक्झिन, कॅनव्हास, सीटकव्हर, टेम्पोची ताडपत्री. उरलेल्या तुकड्यांतून मी दप्तरं शिवायला लागलो, मग पिशव्या, मग या बॅगा. माल आणायला बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जायचो, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात ड्रायव्हरांशी गप्पा मारत बसायचो. धंदा जरा बरा चालायला लागला तशी एका कंपनीची ऑर्डर आली. दिवाळीच्या भेटीसाठी दोनशे बॅगा, ट्रकच्या ट्यूबच्या. अट एकच, दिसायला चामडं वाटलं पाहिजे. मी हो म्हणालो. वडिलांच्या वेळचे एक कारागीर होते माझ्याकडे. त्यांनी ट्यूब दोन्ही हातांनी ताणून दाखवली आणि म्हणाले, "रबर ताणतं, रंग ताणत नाही. धरणार नाही." मी म्हणालो, सांगितलंय तेवढं करा.

त्यांनी केलं. तपकिरी रंग, वर चकाकी. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसात तो रंग पापुद्रे धरून निघाला आणि लोकांच्या पांढऱ्या शर्टांवर उतरला. बॅगा परत आल्या आणि उरलेले पैसे बुडाले. त्याचं मला फारसं वाटत नाही, पैसे येतात-जातात. पण ते कारागीर त्याच वर्षी गावी गेले ते परत आलेच नाहीत. मी त्यांच्यापाशी चूक कबूल केली नव्हती. त्यांचं मशीन अजून खिडकीपाशी आहे. तू परवा त्याच्यावरच पर्स ठेवली होतीस.

म्हणून पुन्हा सांगतो, मालाला सोंग घ्यायला लावू नकोस. ट्यूब आहे तर ट्यूब दिसू दे. तिच्यावरचा पंक्चरचा पॅच दिसू दे, छापलेला आकडा दिसू दे. आपल्या आज्यांनी गोधड्या शिवल्या तेव्हा लुगड्याचा काठ काय आत दडवला? नेमका वर घेतला, मधोमध.

तू म्हणशील, फॅशनच्या जगात असं चालत नाही. कोणत्या फॅशनच्या? मिलानचं प्रादा हे १९१३ पासूनचं चामडी सामानाचं घराणं. त्याच घराण्यातल्या मिउच्चा प्रादानं १९८४ साली काळ्या नायलॉनची बॅकपॅक बाजारात आणली आणि नायलॉन म्हणूनच विकली. झुरिकच्या फ्रायटाग भावांनी १९९३ मध्ये घरासमोरून धावणारे ट्रक बघून जुन्या ताडपत्रीची बॅग केली. पट्टा गाडीच्या सीटबेल्टचा, कडा सायकलच्या ट्यूबच्या. दुसऱ्याच्या नावाची अर्धी अक्षरं अंगावर घेऊन त्या बॅगा जगभर विकल्या जातात. आणि लुई व्हितॉनच्या नक्षीच्या ज्या बॅगा तुला चामड्याच्या वाटतात, त्या बऱ्याचशा कॅनव्हासवर प्लास्टिकचा लेप दिलेल्या असतात. म्हणजे जातकुळीनं त्या आपल्या ताडपत्रीच्या नात्यातल्याच. तू लाजतेस ते कशाला?

आता तुझ्या शिलाईबद्दल. इथं मला खरंच वाईट वाटलं. तू इंचाला दहा टाके घातलेस, सुती कापडाला घालतात तसे. ताडपत्री म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा लेप. त्यात सुईनं पडलेलं भोक कधी बुजत नाही. दाट टाके घातले की पोस्टाच्या तिकिटासारखी ओळ तयार होते आणि वजन पडलं की त्याच ओळीनं फाटतं. इंचाला पाच टाके, फार तर सहा. सुई एकवीस नंबरची, दोरा जाड पॉलिस्टरचा. टाचण्या लावू नकोस, चिमटे लाव. उसवून परत शिवायचं नाही, चुकलं तर तुकडा बदलायचा. सीटबेल्टचा पट्टा कात्रीनं कापून तसाच सोडलास, त्याचे धागे सुटायला लागलेत. टोक गरम सुरीनं कापायचं म्हणजे कड वितळून बंद होते.

माल घेताना ताडपत्री दुमडून घडीवर नख फिरव. लेपाला चीर जाऊन आतला धागा दिसला तर ती उन्हानं संपलेली आहे, फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. बाजारात मिळणारी विणलेली प्लास्टिकची हलकी ताडपत्रीसुद्धा या कामाची नाही, एका उन्हाळ्यात तिचा भुगा होतो.

आणि ते वेलवेट काढ. अस्तराची गरजच काय? ज्या कापडानं भर पावसात कांदा कोरडा ठेवला, ते तुझी वही कोरडी ठेवणार नाही? पुण्याच्या जुलैत ते अस्तर दमट राहतं, त्याला बुरशी येते, आणि मग लोक म्हणतात ताडपत्रीला वास येतो.

मात्र खरं दिसणं म्हणजे कळकट दिसणं नव्हे. डिझेलची काजळी साबणाच्या पाण्यानं, ब्रशनं, तीनदा धुवून काढायची, सावलीत वाळवायची. ज्यावर औषधं-रसायनं सांडलीत तो माल हातात धरायचा नाही. आणि हल्ली दुसरंच सोंग सुरू झालंय, नवीकोरी ताडपत्री आणायची, घासपेपर मारायचा आणि जुनी म्हणून विकायची. ते तर रंग फासण्यापेक्षा वाईट. रंग फासणारा निदान लाजत असतो.

माझा भाऊ मला म्हणतो, "तुझ्या हट्टापायी शोरूम झालं नाही." खरं आहे. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानानं माझ्या बॅगा मागितल्या होत्या, फक्त लेबलवर ताडपत्री हा शब्द नको म्हणाले. मी नाही म्हटलं. घरात चार दिवस कुणी धड बोललं नाही माझ्याशी. पण याच बॅगांवर मुलीचं शिक्षण झालं, गाळ्याचं भाडं कधी थकलं नाही, आणि बारा वर्षांपूर्वी घेतलेली बॅग घेऊन लोक बकल बदलायला येतात. तेव्हा ती बॅग ते काउंटरवर ज्या हातानं ठेवतात ना, ते तू एकदा बघायला हवंस. मी चुकलो असेन तर हिशेबात चुकलो असेन. मालाच्या बाबतीत एकदाच चुकलो, ते वर लिहिलंच आहे.

त्या बाईंनी बॅग खाली ठेवली, ठेवू दे. त्यांना ती नको होती. पुढच्या वेळी कुणी विचारलं, ट्रकची ताडपत्री का, तर "हो" म्हण आणि ठिगळ दाखव.

गुरुवारी ये. पेठेत बहुतेक गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट नसते, मशीन बंद असतं, मला वेळ असतो. आपण झाकण उसवू, तो तुकडा उलटा करून ठिगळ बाहेर घेऊ. जुन्या शिलाईची भोकं वाकवणीच्या आत जातील एवढी जागा आहे, मी मोजलंय. दाभण माझ्याकडे आहे. सुतळी येताना बोहरी आळीतून आण, बारीक नको, मध्यम.

तुझा,
काका