'जिंगल बेल्स' हे मुळात ख्रिसमसचं गाणं नाही, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. चारही कडवी वाचून बघा, येशू नाही, सांताक्लॉज नाही, ख्रिसमस हा शब्दसुद्धा कुठे नाही. गाणं आहे बर्फावर घोड्याची घसरगाडी पळवायचं.

मला दुसरीत बाईंनी हे पाठ करून घेतलं होतं, तेव्हा 'बॉबटेल' म्हणजे काय ते काही कळलं नव्हतं. शेपूट लगामात अडकू नये म्हणून आखूड केलेला घोडा, तो बॉबटेल. आणि त्या घंटा नुसत्या शोभेच्या नव्हत्या, बर्फावर घसरगाडीचा आवाजच होत नाही ना, मग वळणावर समोरून कुणीतरी येतंय हे कळावं म्हणून घोड्याला घुंगरं बांधायचे. पुढच्या कडव्यात तर हा पोरगा फॅनी ब्राइट नावाच्या मुलीला शेजारी बसवून फिरायला निघतो, घोडा मरतुकडा, आणि गाडी जाते थेट बर्फाच्या ढिगात आणि उलटते! शेवटचं कडवं म्हणजे तरुण आहात तोवर पोरींना घेऊन फिरा, एक मैल 2 मिनिटं 40 सेकंदांत कापणारा घोडा जुंपा आणि सगळ्यांच्या पुढे काढा. हे आपण लहान मुलांकडून कधी म्हणून घेतच नाही, पहिलं कडवं झालं की संपलं.

लिहिलं जेम्स लॉर्ड पिअरपॉन्ट यांनी, 1857 मध्ये बोस्टनला 'वन हॉर्स ओपन स्ले' या नावाने छापून आलं, आत्ताचं नाव 1859 ला मिळालं. त्यांचे वडील पाद्री आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक, पण हे स्वतः अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाला जाऊन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे आणि यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरीवाल्यांच्या फौजेत भरती झाले. आता मॅसॅच्युसेट्समधलं मेडफर्ड आणि सव्हाना, दोन्ही गावांत या गाण्याची पाटी आहे, आणि दोन्ही गावं 'गाणं इथेच लिहिलं' असं म्हणतात.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. कायना हॅमिल नावाच्या बोस्टनच्या अभ्यासक आहेत, त्यांनी जुने कागद शोधून काढले तेव्हा कळलं की हे गाणं 15 सप्टेंबर 1857 ला बोस्टनच्या ऑर्डवे हॉलमध्ये मिन्स्ट्रेल शोमध्ये गायलं गेलं होतं, म्हणजे गोरे कलाकार तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायचे ते कार्यक्रम. इतकी वर्षं गुणगुणलेलं गाणं, वाचून खरंच वाईट वाटलं.

आणि एक, 'जिंगल बेल्स, जिंगल बेल्स' या ओळींची आत्ताची चाल मूळ छापील नोटेशनमध्ये नाहीये, ती चाल वेगळीच आहे. यूट्यूबवर 1857 ची चाल गायलेली मिळते, नक्की ऐका, कडवं ओळखीचं वाटतं आणि नेमकं आपण सूर लावायला जातो तिथे गाणं भलतीकडेच वळतं.