जळगावात सायकलसाठी शिमानो कंपनीचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) मिळेना, ८ स्पीडचा शिमानो शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) तोच ठेवून स्रॅम कंपनीचा डिरेलर बसवला तर चालेल का?

नाही चालणार, शिफ्टर शिमानोचा ठेवायचा असेल तर डिरेलरही त्याच्याच मापाचा लागतो. धुळे-जळगावकडच्या सायकलींचे गियर मी नेहमी बसवतो म्हणून सांगतोय, कोणी "बसतो हो साहेब" म्हटलं तरी घेऊ नका, बसतो खरा पण गियर नीट पडत नाही. शिमानोच्या ८ स्पीडमध्ये केबल १ मिमी ओढली की डिरेलर साधारण १.७ मिमी सरकतो, स्रॅमचे बहुतेक माउंटन डिरेलर जेमतेम १.१, त्यामुळे चेन शेजारच्या चक्रापर्यंत पोचतच नाही, मध्येच खडखडत राहते. १९८४ ला शिमानोने क्लिकवाली एसआयएस सिस्टम आणली तेव्हापासून शिफ्टर-डिरेलरची जोडी अशी बांधली गेलीय, लोक एकाच ब्रँडला धरून राहतात त्याचं मोठं कारण हेच, नुसतं प्रेम नाही. हां, पण चेन आणि मागची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चक्रांचा संच) ८ स्पीडमध्ये दोघांच्या एकमेकांना बिनधास्त चालतात. आणि डिरेलर स्वस्तातच पाहिजे असेल तर तैवानच्या मायक्रोशिफ्टचा शिमानोला चालणारा ८ स्पीड मागवा, तो तुमच्या आहे त्या शिफ्टरवर मस्त चालेल, फक्त केबल नवीन टाका.