अजिंक्यतारा चढण्याचा संकल्प करणाऱ्यास

१ जानेवारीपासून रोज पहाटे अजिंक्यतारा किल्ला चढण्याचा आपला बेत चांगला आहे. मात्र साताऱ्यातील थंडी पाहता पहिले काही दिवस ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंतच जाऊन परतावे. बूट आणि कानटोपी रात्रीच दाराशी काढून ठेवावी, कारण अंधारात मोजा शोधता शोधता माणूस पुन्हा अंथरुणात शिरतो. २१ दिवसांत सवय लागते, हा समज सोडावा: लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा काळ व्यक्तीगणिक १८ ते २५४ दिवसांचा निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही आढळले. तेव्हा खाडा पडल्यास दुसऱ्या दिवशी निमूटपणे निघावे. गोड सोडण्याचा दुसरा संकल्प मात्र, कंदी पेढ्यांच्या या गावात, तूर्त पुढे ढकलावा.