बाबांचे 12 लाख घेऊ की नको?

«ताई, मी 27 वर्षांची. चिंचवडला नोकरी, हातात पगार 68,000, भाडं 13,000, साठलेले 5 लाख. रावेतला बांधकाम चालू असलेला 48 लाखांचा फ्लॅट पाहिलाय. बाबा एसटीतून निवृत्त झाले, पेन्शन 3,400. मिळालेल्या 16 लाखांतले 12 लाख मला द्यायला निघालेत. आत्या म्हणते, मुलीच्या घरात कशाला घालता, धाकट्या मुलाचं बघा. पैसे घेऊ का? बाबांचं नाव लावू का?»

बाबांची मदत घे, पण 12 लाख नको. आणि हा फ्लॅटही नको.

आधी रावेतचा हिशेब बघ. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते. म्हणजे 38.40 लाख मिळतील आणि 9.60 लाख तुला घालावे लागतील. त्यावर 5 टक्के जीएसटी 2.40 लाख, मुद्रांक शुल्क 2.88 लाख, नोंदणी 30,000. एकूण 15.18 लाख झाले, आणि पार्किंग, मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, वकील अजून धरलेले नाहीत. कर्ज साडेआठ टक्क्यांनी मिळालं तर 20 वर्षांसाठी हप्ता साधारण 33,300. खरी ओढाताण ताबा मिळेपर्यंतची. निम्मं कर्ज उचललं गेलं की महिन्याला 13,600 नुसतं व्याज, वर भाडं चालूच. ताबा लांबला की दोन्ही लांबतात.

आता बाबांकडे बघ. तेच 12 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 24,600 रुपये हातात येतात. 3,400 पेन्शनच्या घरात त्यावर किराणा आणि औषधं दोन्ही भागतात. ते पैसे घेतलेस, तर पुढे दर महिन्याला घरी पाठवावे तुलाच लागतील, हप्ता भरून.

त्यापेक्षा चिखली-मोशीकडे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) असलेला रीसेलचा वन बीएचके शोध, समज 36 लाखांचा. जीएसटी नाही, लगेच राहायला जाता येतं, भाडं थांबतं. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, तेव्हा 30 लाख मागायला हरकत नाही. हप्ता 26,000 च्या आसपास. तुला लागतील 6 लाख, मुद्रांक 2.16 लाख आणि नोंदणीचे 30,000, म्हणजे 8.46 लाख. तुझे 4 घाल, 1 लाख अडीअडचणीला राहू दे. बाबांकडून साडेचार घे. दलाली आणि सोसायटीची ट्रान्सफर फी (ती 25,000 च्या वर मागता येत नाही) धरली तर पाच. त्यांचे 11 लाख शाबूत राहतात.

घर एकट्या तुझ्या नावावर घे. मुद्रांक शुल्कातली 1 टक्का सवलत खरेदीदार फक्त महिला असेल तरच मिळते, बाबांचं नाव जोडलंस की 36,000 गेले. शिवाय पुढे त्यांच्या हिश्श्याला आई, भाऊ आणि तू, तिघंही वारस लागता. बँकेने सहकर्जदार मागितला, तर मालकीत नाव न लावताही बाबांना सहकर्जदार होता येतं का, हे अर्जाच्या वेळीच विचार.

बाबांचे पाच लाख बक्षीस की उसने, हे आजच ठरवा. मोघम ठेवलं की भावाच्या लग्नानंतर त्याच पैशावरून वाद निघतो. बक्षीस असेल तर साध्या भाषेत बक्षीसपत्र करा आणि रक्कम बाबांच्या खात्यातून थेट तुझ्या खात्यात येऊ दे. आईवडिलांच्या भेटीवर तुला आयकर नाही. बँक बक्षीसपत्र मागू शकते. उसने असतील तर तसं लिहा आणि बँकेलाही सांग. भावाला समोर बसवून हे सांगायचं काम बाबांचं, तुझं नाही. स्वकष्टाचा पैसा कुणाला द्यायचा ते त्यांनी ठरवायचं, आत्याने नव्हे. आईचे दागिने मात्र यात आणू नका. सोनेतारण म्हणजे दुसरा हप्ता.

रीसेलमध्ये व्यवहार फिसकटतो तो बहुतेक टोकनपाशी, म्हणजे सौदा ठरवताना दिलेल्या आगाऊ रकमेपाशी. विक्रेत्याला भाव 36 लाख वाटतो, बँकेचा मूल्यांकन करणारा 33 म्हणतो, आणि बँक कमी आकड्यावरच कर्ज देते. कर्ज त्यामुळे जितकं कमी मिळेल, तितके पैसे तुझ्याच खिशातून जातात. म्हणून टोकनच्या पावतीवर लिहून घे, «30 लाखांचं कर्ज मंजूर न झाल्यास पूर्ण रक्कम परत». विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल तर तो फ्लॅट सोड. रोखीत काही रक्कम मागितली तरी सोड. आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू (व्यवहाराच्या नोंदणीचा सरकारी उतारा) आणि सोसायटीचं ना हरकत पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

कर्ज मिळताना बँक हप्त्यातच विमा जोडू पाहील. तो घेऊ नकोस, 30 लाखांचा साधा टर्म विमा वेगळा काढ आणि नॉमिनी आईला कर. या आठवड्यात फक्त एवढंच कर: बँकेत पगाराच्या स्लिपा देऊन कर्जाची तत्त्वतः मंजुरी काढ. घरं त्यानंतर बघ.