मानू काचे हा नुसता ड्रमर, मग त्याला संगीतकार का म्हणतात?

प्रश्नातला 'नुसता' टोचला, म्हणून लिहितोय.

आमच्या घरात पेटीला मान आणि तालवाद्याला कोपरा. मामा पेटी वाजवायचा आणि मला 'ठेकेदार' म्हणायचा. कॉलेजच्या एकांकिकेसाठी मी एक चाल बांधली. स्वर सांगता येत नव्हते, म्हणून मांडीवर काठ्या आपटत गुणगुणून दाखवली. मामाने ती पेटीवर बसवली, दुसऱ्या ओळीत एक कोमल निषाद घातला (छान लागला, खोटं कशाला बोलू) आणि पत्रिकेत 'संगीत'पुढे त्याचं नाव छापून आलं. माझं 'तालसाथ' म्हणून, रंगभूषेच्याही खाली. विचारलं तर म्हणाला, "ठेका धरणाऱ्याने ठेका धरावा."

पुढे 'रागाज अँड सागाज' हा १९९२चा अल्बम हाती लागला. गायला पाकिस्तानचे उस्ताद फतेह अली खाँ, सॅक्सोफोनवर नॉर्वेचा यान गार्बारेक, तबल्यावर उस्ताद शौकत हुसेन, आणि ड्रमवर काचे. मामाला ऐकवला. "तबला असताना ही थाळ्यांची खणखण कशाला?" खणखण कुठली? तबल्याच्या अंगावर न जाता बारक्या झांजेवर हलकेच टिचकी मारून मागे सरतो गडी. चाल कळल्याशिवाय हे जमत नाही.

काचे १९५८चा, पॅरिसजवळचा. १९८६ साली ब्रिटिश रॉक गायक पीटर गॅब्रिएलच्या 'सो' या अल्बममध्ये वाजवलं, लगेच दुसरा ब्रिटिश गायक स्टिंगकडे, मग गार्बारेकच्या ताफ्यात वर्षानुवर्षं. आणि २००५चा 'नेबरहूड' हा त्याचा अल्बम काढून बघा: सगळ्या रचना काचेच्या, आणि गार्बारेक व ट्रम्पेटवाला तोमाश स्तान्को हे दोन दिग्गज त्या वाजवताहेत. ज्याचा साथीदार होता तोच साथीला बसला! यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

त्याने संगीत दिलेल्या चित्रपटाचं म्हणाल तर १९९४चा फ्रेंच विनोदी सिनेमा 'अँ आंदियाँ दाँ ला व्हील', पण त्याच्या संगीतावर आणखी दोघांची नावं आहेत. तेव्हा 'चित्रपट संगीतकार' हे बिरुद जरा सैलच.

आणखी एक, तो लहानपणी पियानो शिकला होता आणि मग पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत (संगीत विद्यालयात) रीतसर तालवाद्यं. म्हणजे स्वर त्याला आधीपासून येत होते. हे मामाला कळू देऊ नका.

तुम्ही स्वतः ड्रम शिकत असाल तर सोबत पेटी शिकाच. आणि पत्रिका छापायला जाण्याआधी प्रूफ स्वतः वाचा.