घोड्यांच्या रेसमध्ये कायम फेव्हरिटवरच पैसे लावले तर फायदा होतो का?

नाही. फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त पैसे लागतात तो घोडा, साधारण तीनपैकी एक रेस जिंकतो, म्हणून मोह होतो. पण हिशोब मांडा: दीडपट भावाला 100 लावले, तर जिंकल्यावर 150 नफा, मुद्दलासकट 250 हातात. शंभर रेसमध्ये 33 वेळा जिंकलात तर 10,000 लावून 8,250 परत. सारखं जिंकल्यासारखं वाटतं आणि खिसा मात्र हलका होत जातो! भाव पडतो तो सगळे त्याच घोड्यावर तुटून पडतात म्हणून; टोटची, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र जमा करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या व्यवस्थेची, कपात वेगळीच. आणि ‘हा तर हरूच शकत नाही’ म्हणाल, तर 1973 मध्ये ट्रिपल क्राउन, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या रेस, जिंकलेला सेक्रेटेरियट हा घोडा त्याच वर्षी तिथल्याच साराटोगा रेसकोर्सवर हरला. हरवणाऱ्या घोड्याचं नाव ओनियन, चक्क कांदा.